तुझा पाय उचलत नव्हता, रतन

रतन, चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. मागच्या लावणीत, माझ्याच शेतात, पंधरा-सोळा माणसांच्या देखत मी तुला अंगचोर म्हणालो. तू आजारी होतास. तुझ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आली होती आणि उजव्या पायाची नस मरत चालली होती. मी शहापूरच्या एका दवाखान्यात खिडकीवर बसतो, रोज आजारी माणसांची नावं आणि तक्रारी लिहितो. तरी तुला बांधावर बसलेलं बघून मला तुझी काळजी वाटली नाही, राग आला.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. या दिवसांत बरीच माणसं येऊन गेली आणि प्रत्येकाने मला तुझा जिवलग मित्र म्हणून हात जोडले. ते हात घेताना मला फार जड गेलं.

आपल्या आठ घरांची सावड तुला काय सांगायची? पण हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून लिहितो. आमच्याकडे भाताची लावणी मजूर लावून होत नाही, सावडीने होते. आज सगळ्यांनी एकाच्या शेतात उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक घरातून दोन माणसं. कुणी कुणाला मजुरी देत नाही. तुम्ही माझ्याकडे जितकी माणसं घेऊन आलात, तितकीच मी तुमच्याकडे घेऊन यायचं. लिहून कुणीच ठेवत नाही, सगळं आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या सखूआत्याच्या डोक्यात असतं. त्यामुळे सावडीत माणसाची किंमत त्याच्या घरावरून नाही, जमिनीवरून नाही, तो चिखलात किती वेळ वाकून उभा राहतो त्यावरून ठरते. तिथे एखाद्याला अंगचोर म्हणणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यापेक्षा वाईट.

त्या दिवशी तू सकाळपासून तिसऱ्यांदा बांधावर बसला होतास.

"काय रे रतन, बांधावर अंडी घातलीस काय?" मी ओरडलो. सगळे हसले. तूही हसलास.

"उठतो रे. जरा दम खाऊ दे."

"रोजच दम खातोस. चार दिस बघतोय मी. एक ओळ लावतोस नि बसतोस."

सखूआत्या रोपांच्या मुठी फेकता फेकता म्हणाली, "असूं दे गो बाई, कशाला बोलतंस त्याला? चिखल गुडघ्याएवढा हाय." आत्या पुरुषांनाही गो बाई म्हणते, त्यावरही एरवी आपण हसायचो.

"आत्या, आमाला काय चिखल नाय? हा अंगचोर झालाय. उद्यापासून ह्याच्या घरची दीड माणसं धरा. वहिनी एक, नि हा अर्धा."

"दीड माणूस!" पलीकडून सावडीतला किसन ओरडला आणि मग लावणीच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा गेला. सुमनवहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मान वर केली नाही, रोपं लावत राहिल्या, फक्त हात भरभर चालायला लागले. तू उठलास, चिखलात उतरलास आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा बसला नाहीस. मला वाटलं, बरं झालं, टोचल्यावर हलला. घरी जाऊन बायकोला, शोभाला, मी हे हसत सांगितलं. ती दुपारी शेतावर भाकरी देऊन परतली होती. ती म्हणाली, "त्यांचं तोंड किती उतरलंय, बघितलंत तरी?" मी म्हणालो, रात्री जागत असेल मोबाईलवर.

मी थट्टेत बोललो होतो असं स्वतःला फार दिवस सांगत राहिलो. पण थट्टा तिथेच संपली नाही. दुसऱ्या दिवसापासून किसन तुम्हाला बघून म्हणायचा, "आली का दीड माणसं?" आणि लावणी संपताना जेव्हा बरोबरी करायची वेळ आली तेव्हा सावडीने खरोखरच तुझ्या घरची दीड माणसं धरली. कुणी भांडलं नाही, ठरवलंही नाही, ते होऊन गेलं. तुझ्या घराकडून कमी पडलेलं भरायला वहिनी चार घरांच्या शेतात एकेक दिवस जास्तीच्या उतरल्या, एकट्या. त्यातलं एक घर माझं. शोभाने त्यांना दुपारी भाकरी वाढली. मी त्या दिवशी कामावर होतो. संध्याकाळी मला कळलं आणि मी काही बोललो नाही.

तूच कोणे एके काळी माझ्यासाठी काय केलं होतंस, ते मी तेव्हा आठवायला हवं होतं. आपण वीस-एकवीस वर्षांचे. माझे वडील अंथरुणाला खिळलेले आणि मी नोकरीसाठी कल्याण-ठाण्याला चपला झिजवत होतो. दोन पावसाळे आमच्या घरचा माणूस म्हणून सावडीत तू उभा राहिलास. तुझ्या घरून तुझा भाऊ आणि आई, आमच्या घरून माझी आई आणि तू. तेव्हा कुणी विचारलं तर म्हणायचास, "मी ह्यांचा भाड्याचा पोरगा हाय." मला नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने पहिला पेढा तुझ्या तोंडात घातला. माझ्या नव्हे. मला त्याचाही थोडा राग आला होता, हे आज सांगतो.

लावणीनंतर तू बारीक होत गेलास. संध्याकाळी कणकण यायची, पोटऱ्या दुखायच्या. दिवाळीच्या सुमाराला जेवणावरचं मन गेलं. जेवलं की अर्ध्या तासात पोटात कळ, म्हणून तू जेवणच कमी केलंस. वहिनींनी ओवा दिला, काढे दिले. पायांवर निळसर जाळी उमटली होती, कातडीखाली कुणी मासे पकडायचं जाळं पसरावं तशी. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की कधी वहाणेशिवाय काही न घालणारा तू अचानक कॅनव्हासचे बूट आणि फुल पँट घालून फिरायला लागलास. शेतातसुद्धा. मी त्यावरही बोललो. "काय साहेब, हापिसला?" तू म्हणालास, "तुज्यावाणी व्हायचंय."

पौषात आपण मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला गेलो. देवाशी आपल्या बौद्ध घरांचं काम नाही, पण बैलबाजाराशी होतं, आणि बाजार तू एकदाही चुकवला नव्हतास. बैल घ्यायचा नसला तरी तू दात बघायचास, वशिंडावर हात फिरवायचास, मालकाशी खोटी खोटी घासाघीस करायचास आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून अडाण्यासारखी मान हलवायचो. त्या दिवशी एका खिल्लाऱ्याचा खूर बघायला तू खाली बसलास आणि तुला उठता येईना. मी काखेत हात घालून तुला ओढलं. पँटचा पाय वर सरकला.

उजव्या गुडघ्याच्या खाली एक पट्टा आवळलेला होता. त्यातून सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी खाली गेली होती, थेट बुटाच्या पुढच्या भोकात. ताणलेली.

"हे काय रे?"

"काय नाय. पाय जरा लोंबतो. ट्यूब बांधली की चवडा वर ऱ्हातो, ठेच लागत नाय."

"कवापासून?"

"झाले की. लावणीपासून."

"नि बोल्ला नाय मला? दवाखान्यात बसतो मी!"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बैलाच्या खुराकडे बघत म्हणालास, "तवा बोल्लो असतो तर तू म्हनला असतास, कारनं सांगतोय."

रतन, त्या गर्दीत, त्या शेणाच्या आणि धुळीच्या वासात मी तुझ्या पँटचा पाय हळूच खाली ओढला. तू बरोबर बोललास. मी तेच म्हणालो असतो. ठेच लागून तुझ्या उजव्या पायाची बोटं फुटली होती, नखं काळी पडली होती, आणि ती मला दिसू नयेत म्हणून बूट होते. लावणीनंतर गवत काढायची बेणणी, कापणी, झोडणी, सगळं तू ती ट्यूब बांधून केलंस. आजार तू जगापासून नाही लपवलास. माझ्यापासून लपवलास. वहिनींनाही बजावलं होतंस की ह्याला कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला आमच्या दवाखान्यात नेलं. तुझा केसपेपर मीच लिहिला. तक्रार या शब्दापुढे मी 'पाय उचलत नाही' असं लिहिलं आणि किती दिवसांपासून यापुढे 'सहा महिने'. रोज लिहितो तसंच. माझं अक्षर मलाच ओळखू आलं नाही. डॉक्टरांनी तुझा रक्तदाब दोनदा मोजला, मग यंत्र बदलून तिसऱ्यांदा. नंतर बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमचा कोण? मुंबईला न्या. आजच."

मुंबईच्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आपण किती दिवस काढले ते आता मोजवत नाही. वहिनी आणि मी आळीपाळीने. पायाला विजेचे झटके देऊन नस तपासली तेव्हा तू म्हणालास, "पराणी लागल्यावर बैलाला काय वाटत असंल ते आज कळलं." डावा पाय झटक्यासरशी उडायचा. उजवा पडून राहायचा. तपासणारी मुलगी यंत्राचा आकडा पुन्हा पुन्हा वाढवत होती, मग तिने वाढवणं थांबवलं. घोट्याजवळून नसेचा एक तुकडा कापून तपासायला पाठवला. पोटातल्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून फोटो काढले.

ते फोटो डॉक्टरांनी आपल्याला दाखवले. पडद्यावर पानं झडलेल्या झाडासारख्या फांद्या दिसत होत्या आणि फांद्यांवर जागोजाग बारीक गोळे. तू बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "उंबरावाणी दिसतंय. खोडाला फळं धरल्यावाणी."

डॉक्टर वयाने आपल्यापेक्षा खूप लहान होते. ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी नीट समजावून सांगितलं. तुमच्या शरीराची लढाऊ ताकद तुमच्याच रक्तवाहिन्यांवर उलटली आहे. वाहिनीच्या भिंतीला सूज येते. काही ठिकाणी त्या सुजेने वाट बंद होते. पायाच्या नसेला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक वाहिन्या अशाच बंद झाल्या, नस उपाशी मेली, म्हणून पाय उचलत नाही. आतड्याला रक्त कमी पडतं, म्हणून जेवल्यावर पोट दुखतं. आणि काही ठिकाणी भिंत इतकी कमकुवत होते की ती फुगते. हे गोळे म्हणजे ते फुगे. मूत्रपिंडाकडे आहेत, आतड्याकडे आहेत.

"फुटतात काय ते?" तू विचारलंस.

"फुटू शकतात. औषधांनी सूज उतरली तर बरेचदा ते लहान होतात. आपण लगेच सुरू करू."

"आनि पाय?"

"पायाला वेळ लागेल. किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."

तू मान डोलावलीस. बाजारात बैलाची किंमत ऐकून डोलवायचास तशीच.

मी डॉक्टरांना एकटा जाऊन भेटलो. हेही तुला कधी सांगितलं नाही. जिन्याजवळ त्यांना गाठलं आणि विचारलं, सहा महिने आधी आणला असता तर? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाले, "लवकर आलेला पेशंट केव्हाही चांगला. नसेचं नुकसान कमी झालं असतं, असं वाटतं. पण मागे जाऊन कुणाचं काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. ह्या आजारात तर नाहीच." त्यांनी मला दोषही दिला नाही आणि सोडलंही नाही. मला त्यातलं काहीतरी एक हवं होतं.

औषधं लागू पडली, हे मात्र खरं. गोळ्यांनी ताप गेला, पोटाची कळ गेली, महिन्याला एक सलाईन घ्यायचं ठरलं. फाल्गुनात तू दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाल्लीस तेव्हा वहिनी दारामागे जाऊन रडल्या. गोळ्यांनी तुझा चेहरा गोल झाला. "बघ, सासऱ्यावाणी गुटगुटीत झालो," म्हणालास. "सासरा असता तर म्हनला असता, आता पोरीचं बरं चाललंय." वहिनी आतून ओरडल्या, "माज्या बापाला मधी आणू नका." त्या घरात किती महिन्यांनी असा आवाज झाला होता!

ट्यूबच्या जागी चवडा वर धरणारा प्लास्टिकचा साचा आला. पण मग डाव्या हाताची दोन बोटं गेली. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग शर्टाचं बटण लागेना. जयंतीच्या दिवशी सकाळी तुझ्या पांढऱ्या शर्टाची बटणं मी लावली. मिरवणुकीत दरवर्षी लेझमाच्या पुढे तू असायचास, या वर्षी विहाराच्या दारात खुर्चीवर बसून होतास आणि तिथून सगळ्यांवर ओरडत होतास, "अरे, वाकून! वाकून खेळा! पोलिसांची परेड हाय काय?" उन्हात तुझा गोल चेहरा घामाने चमकत होता. मी आयुष्यात तुझ्याइतका कामाचा हावरा माणूस बघितलेला नाही, आणि त्यालाच मी अंगचोर म्हटलं होतं.

बटणं लावताना मी बोलायचा प्रयत्न केला होता. पहिला नव्हे. मुंबईच्या वॉर्डात एकदा केला होता. "रतन, त्या दिवशी लावणीत," एवढंच म्हणालो आणि तू म्हणालास, "गप रे. जा, चा सांग दोन." दुसऱ्यांदा एसटीची वाट बघताना. तेव्हा तू मुद्दाम शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलायला लागलास. आणि बटणं लावताना तिसऱ्यांदा. तेव्हा तू मला पुरतं बोलू दिलंस. मी म्हणालो, मी तसं बोलायला नको होतं. तू खाली माझ्या बोटांकडे बघत होतास.

"तू काय खोटं बोल्लास? अर्धाच व्हतो की मी तवा."

"तसं नको बोलू."

"मग कसं बोलू? माफ केलं बोलू? बोल्लो. आता वरचं बटन लाव."

ते माफ करणं नव्हतं, रतन. तुला माहीत होतं आणि मलाही. जे मी चारचौघांत काढून घेतलं ते मला तुझ्या घराच्या ओटीवर, दार लोटून, कुणाला न कळता परत करायचं होतं. म्हणून तू घेत नव्हतास. हे मला तेव्हा कळलं नाही. तू हट्टी आहेस असं वाटलं.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं. तू म्हणालास, यंदा सावडीत मी येणार. चिखलात उतरणार नाही, पण राबाजवळ, रोपं उपटतात तिथे बसून मुठी बांधीन. मी म्हणालो, एका हाताने? तू घरी बस, तुझं शेत आम्ही लावून देऊ. तू एकदम चिडलास. "फुकट नको माझं शेत लावायला. माझं घर सावडीत हाय. दोन माणसांचं हाय." मी म्हणालो, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? "डॉक्टरला सावड म्हाईत हाय काय?" मी उठून निघालो. जाताना म्हणालो, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी मी कामावरून उशिरा आलो आणि तुझ्याकडे आलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. जेवून तू पडवीत बसला होतास. डाव्या कुशीत एकदम कळ आली, पाठीपर्यंत गेली, तू उठायला गेलास आणि कोसळलास. किसनने त्याची जीप काढली. हेही लिहायला हवं, किसनने. मी दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभा होतो. तुझा चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळ गार, पोट फळीसारखं कडक. रक्तदाब लागत नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही हातांना सुया लावल्या आणि आपण ॲम्ब्युलन्समधून मुंबईकडे निघालो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एकदा डोळे उघडलेस आणि पाणी मागितलंस. मला पाणी द्यायला मनाई होती. मी ओठ ओले केले. पडघ्याच्या अलीकडे तुझा श्वास थांबला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि ड्रायव्हर अजून भोंगा वाजवत होता, कारण त्याला कळलं नव्हतं आणि मला सांगायचं सुचत नव्हतं.

त्या फुग्यांपैकी एक फुटला होता. मुंबईच्या त्या तरुण डॉक्टरांना मी फोन करून कळवलं. ते म्हणाले, "ते सुधारत होते हो."

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. किन्हवलीहून, मुरबाडहून, डोळखांबच्या पाड्यांवरून माणसं आली होती. वंदना झाली. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. माझी पाळी आली. मी म्हणालो, रतन हसतमुख होता, कष्टाळू होता, समाजाच्या कामात पुढे असायचा. सगळं खरंच होतं. कष्टाळू म्हणताना माझी नजर वहिनींकडे गेली. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या. मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. माणसांनी तुझ्या फोटोला फुलं वाहिली आणि मला म्हणाले, फार छान बोललात.

परवा संध्याकाळी सखूआत्याच्या अंगणात सावडीची बैठक झाली. लावणीच्या पाळ्या ठरवायच्या होत्या. वहिनी आल्या होत्या, सोबत करुणा. तुझी पोरगी कॉलेजची पुस्तकं सोडून आईच्या शेजारी बसली होती, पाठ ताठ, तुझ्यासारखी. बोलणं तुझ्या घरापाशी आलं आणि सगळे घुटमळले. शेवटी किसन बोलला. त्याचं मन वाईट नाही, तुला माहीत आहे.

"वहिनी, राग मानू नका. पन यंदा तुमच्याकडनं तुमी एकट्याच. करुणाला सवय नाय. गेल्या सालीसुदिक दीडच व्हती माणसं. परत वढाताण नको. त्यापेक्षा शेत खंडानं देऊन टाका यंदा."

वहिनी म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्या उठायला लागल्या. त्यांना भांडता आलं असतं. पण तुझं घर गेल्या वर्षापासूनच कमी धरलं जात होतं. त्या कशाच्या जोरावर भांडणार होत्या? एकदा सावडीतून नाव गेलं की ते परत येत नाही. शेत खंडाने, ठराविक भाताच्या बोलीवर दुसऱ्याला कसायला जातं, मग विकायला निघतं. तुझ्या घराचा सावडीतला जोर मी काढून घेतला होता.

मी उभा राहिलो.

"थांबा, वहिनी. किसन, दीड हा शब्द माझा हाय. तुझा नाय. मी बोल्लो व्हतो, माझ्या शेतात. रतनच्या पायाची नस तवा मरत व्हती. तो चिखलातनं पाय उपटत व्हता, आपण हसत व्हतो. नंतर ट्यूब बांधून त्यानं ह्या सगळ्यांच्या कापण्या केल्या. कुणाला म्हाईत हाय काय हे?"

कुणाला माहीत नव्हतं. किसन तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी पुढे बोललो. वहिनींनी चार दिवस जास्तीचे भरले, ते माझ्या तोंडामुळे. त्यांच्या घरची दोन माणसं गेल्या वर्षी पुरी होती, म्हणून ते चार दिवस त्यांना परत मिळाले पाहिजेत. यंदा माझ्या घरून शोभा नि मी, दोघंही उतरू. करुणा चार दिवसांत शिकेल. नाही शिकली तर तिच्या जागी मी दोनदा उतरेन, कामावर रजा टाकून.

मग सखूआत्याने नाक शिंकरलं. "आधी का नाय बोल्लास रे, मेल्या?" ती म्हणाली. "पोरगा गेला, आता बोलतोस." मग ती सगळ्यांकडे वळली. "रतनच्या घरची पाळी पयली. दोन माणसांचं घर हाय. कुणाला काय बोलायचंय?" किसनने होकाराची मान हलवली आणि खाली घातली.

मी वहिनींपुढे गेलो, हात जोडले. म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

त्यांनी पदर नीट केला. आवाज अगदी शांत होता. "मला कशाला सांगता, भावजी? ज्याला बोल्लात त्याला सांगा. असंच, सगळ्यांसमोर."

मग मी तिथेच, त्या अंगणात, पंधरा-सोळा माणसांच्या देखत, तू समोर बसला असावास तसा तुझ्याशी बोललो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रतन, तू अंगचोर नव्हतास रे. आजारी व्हतास. मला ते दिसायला हवं व्हतं. मी बघितलं नाय, नि वर तुला हसलो. माझं चुकलं. मला माफ कर."